इंजिन टाइट फिरतंय? आधी विचारा, नेमकं कुठे

मागच्या भागाचा हा लिखित मजकूर. टू-स्ट्रोक इंजिन बांधून झाल्यावर ते जड का फिरतं, आणि त्यातला कुठला जडपणा चालतो, कुठला नाही, यावर आपण बोललो होतो. ऐकताना हातवारे दिसत नाहीत, म्हणून इथे काही गोष्टी जरा सविस्तर लिहिल्यात. आणि हात ऑइलने भरलेले असताना मोबाईलवर भाग मागे-पुढे करणं किती त्रासाचं असतं, ते मला माहीत आहे.

सुरुवात मामांच्या गाडीपासून करतो, कारण सगळा धडा तिथेच मिळाला.

पडवीतली आरएक्स

मामांचं घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. पडवीत सहा पावसाळे उभी असलेली यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने आपल्याकडे आणली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा १९९६ चीच. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर अजूनही तिचा आवाज लांबून ओळखणारी माणसं.

मामांच्या गाडीची किक खालीच जात नव्हती. याचं कारण आपल्या पावसात आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या खाली ऑइल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं नसतं. क्रँकच्या बेअरिंगला जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलच्या वाफेबरोबर येणारं २टी. गाडी बंद पडून राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइलचा पातळ थर तेवढा उरतो, आणि सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या वाटेने आत शिरलेली दमट हवा चार महिने तिथेच बसते. बोअरमध्ये गंजाचं कडं धरतं, रिंग तिथेच चिकटते. वर कोणीतरी येऊन किकवर उभं राहून उडी मारतं, आणि रिंग मोडते किंवा किकचे दाते जातात.

आम्ही प्लग काढून आत डिझेल आणि २टी ओतलं, दोन दिवस ठेवलं, मग मॅग्नेट हाताने हळूहळू मागे-पुढे हलवत पिस्टन सोडवला. इंजिन पूर्ण खोललं. क्रँकला नवीन कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग, नवीन ऑइल सील, ब्लॉक रीबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन. महिनाभर शनिवार-रविवार गेले. इंजिन बांधून झालं, किक मारून बघितली, आणि किक जड.

अडलेली नव्हती. फिरत होतं, पण जड. आणि फेऱ्यात एका ठिकाणी बारीक ‘टिक’.

मामा म्हणाले, "अरे, नवीन बोअर आहे, टाइट असणारच. हायवेला घाल, सुटेल." शेजारचे दोघं म्हणाले, तसंच असतं. एकाने तर स्वतःची गाडी अशीच सोडवली होती म्हणे. मामांना ती घेऊन माळशेज चढून ओतूरला जायचं होतं.

‘चालवल्यावर सुटेल’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. काही जडपणा चालवल्यावर खरंच सुटतो. काही जडपणा चालवल्यावर इंजिन खातो. दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत, आणि ते गाडी चालवण्याच्या आधी, टेबलावरच.

आधी ओळखा: कुठला जडपणा नॉर्मल आहे

बांधलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात चार प्रकारचा अडथळा असतोच. तो माहीत नसेल तर माणूस चांगलं इंजिन पुन्हा खोलून बसतो.

पहिला, कॉम्प्रेशन. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन दर फेऱ्याला एकदा वर येताना हवा दाबतो. फोर-स्ट्रोकमध्ये हे दोन फेऱ्यांत एकदा होतं. त्यामुळे फोर-स्ट्रोकची सवय असलेल्या हाताला टू-स्ट्रोक उगाच जड वाटतं. हा अडथळा स्प्रिंगसारखा असतो: दाबत जातो, वरचं टोक ओलांडलं की उलट पुढे ढकलतो. प्लग काढला की तो गेलाच पाहिजे.

दुसरा, खालच्या केसमधला दाब. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर जाताना तो कार्ब्युरेटरमधून चार्ज ओढून घेतो, खाली येताना तोच चार्ज दाबून ट्रान्सफर पोर्टमधून वर पाठवतो. आरएक्समध्ये रीड व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे आत आलेली हवा कार्ब्युरेटरकडे परत जात नाही. प्लग काढल्यावरही हा मऊसा दाब हाताला लागतो आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो येणं ही चांगली खूण आहे. सील आणि पॅकिंग धरतायत असा अर्थ.

तिसरा, मॅग्नेट. रोटरमधले चुंबक आतल्या कॉइलच्या लोखंडी पायांपाशी आले की खेचून धरतात. एका फेऱ्यात सारख्या अंतरावर अशा अनेक ‘खाचा’ लागतात. नवखा माणूस बेअरिंग खराब आहे म्हणून घाबरतो. रोटर काढून क्रँक फिरवला आणि खाचा गेल्या, तर त्या चुंबकाच्याच होत्या.

चौथा, नवीन सीलचे ओठ आणि नवीन रिंग. हा अडथळा पूर्ण फेऱ्यात सारखा असतो, मऊ असतो, आणि थोडं २टी सोडून वीस-तीस वेळा हाताने फिरवलं की हाताला कळेल इतका कमी होतो.

आता नॉर्मल नसलेला जडपणा. तो तीन खुणांवरून ओळखायचा. एक, ऑइल सोडूनही आणि कितीही फिरवूनही तो तसाच राहतो. दोन, तो दर फेऱ्याला त्याच जागी येतो. तीन, कुठलातरी बोल्ट किंवा नट आवळला की वाढतो आणि ढिला केला की कमी होतो. यातली एक जरी खूण सापडली तर ते इंजिन हायवेला न्यायचं नाही.

एक खास प्रकार वेगळा सांगतो. किक पूर्ण अडते, पण आत धातू लागल्यासारखं वाटत नाही. अशा वेळी क्रँककेसमध्ये पेट्रोल किंवा ऑइल भरलेलं असू शकतं. कार्ब्युरेटरची सुई गळत असेल आणि पेट्रोल कॉक उघडा राहिला असेल तर रात्रभरात केस भरतो. द्रव दाबला जात नाही. जोर लावला तर रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन आडवं करा, सगळं बाहेर येऊ द्या, मगच फिरवा.

अर्धं बाजूला काढा, मग अर्ध्याचं अर्धं

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे हजार ओळींत चूक असेल तर पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाहीत. मधोमध कापतात: चूक वरच्या अर्ध्यात की खालच्या? मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. दहा-बारा वेळा कापलं की चूक हातात येते. इंजिनात हजार ओळी नाहीत, त्यामुळे चार-पाच पायऱ्यांतच होतं. नियम एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी फिरवून बघायचं.

फिरवायचं किकने नाही. किकमध्ये लांब दांडा आहे, मध्ये गिअर आहेत, त्यामुळे हाताला आतलं काहीच कळत नाही आणि ताकद मात्र भरपूर लागते. मॅग्नेटचा रोटर दोन्ही हातांनी धरून फिरवा. सावकाश. एकदा इंजिनाच्या दिशेने, एकदा उलट. मार्करने रोटरवर एक रेघ आणि केसवर एक रेघ मारा, म्हणजे अडथळा कुठल्या कोनात येतो ते लिहून ठेवता येतं.

आमचा क्रम असा होता.

प्लग काढला. कॉम्प्रेशन गेलं, जडपणा राहिला, टिक राहिली.

क्लचच्या प्लेटा काढल्या. आता गिअरबॉक्स क्रँकपासून सुटला. फरक नाही. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. हे आधी करून घ्यावं, कारण गिअरचा एखादा वॉशर उलटा बसला तरी जडपणा येतो, आणि माणूस बोअरला दोष देत बसतो.

हेड काढलं. जडपणा तसाच, टिक तशीच. हेडमुळे दोन गोष्टी होऊ शकतात. पिस्टन हेडला टेकत असेल तर वरच्या टोकाला ठक्क अडतं. ब्लॉकखालचं पॅकिंग पातळ घातलं किंवा विसरलं की हे होतं. आणि हेडचे नट वेडेवाकडे आवळले तर बोअर बारीकसा वाकतो. म्हणून नट तिरपे-समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे आणि प्रत्येक टप्प्याला रोटर फिरवून बघायचा. आमच्याकडे यातलं काही नव्हतं.

मग ब्लॉक उचलला. आता रॉडच्या टोकाला पिस्टन मोकळा लटकतोय, बोअरशी संबंधच नाही. टिक गेली. पण जडपणा? तसाच.

तिथे आम्ही सगळे गप्प झालो. महिनाभर ज्या ‘नवीन बोअर’च्या नावाने सगळे समजूत घालत होते, तो बोअर टेबलावर बाजूला ठेवलेला होता, आणि इंजिन तरीही जड होतं. शिवाय आता दिसलं की दोष एक नव्हता, दोन होते. एक खाली, एक वर. खालचा मोठा होता, त्याच्या आड वरचा लपला होता. एकच कारण शोधत राहिलो असतो तर खालचं दुरुस्त करून, ‘चला, मोकळं झालं’ म्हणून तसंच बांधलं असतं.

खालचा दोष: बोल्टने ओढलेली केस

आरएक्सचा क्रँककेस उभा फाकतो, डावा अर्धा आणि उजवा अर्धा. दोन्हीत एकेक बेअरिंग, मध्ये क्रँक. क्रँकसुद्धा अखंड नसतो. दोन चकत्या आणि मधली पिन प्रेसने बसवलेल्या असतात. म्हणून क्रँकला हातोडा मारायचा नसतो. चकत्या एकमेकींच्या तुलनेत किंचित जरी फिरल्या तरी क्रँक डगमगतो. तो डगमग दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मोजतात. अशा लहान इंजिनात मर्यादा साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर. क्रँक वाकडा असेल तर फेऱ्यात एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलका लागतो.

आमचा सगळीकडे सारखाच जड होता. म्हणजे वाकडेपणा नसावा. मी केसचे बोल्ट एकेक करून अर्धा आटा ढिले केले. तिसऱ्या-चौथ्या बोल्टला क्रँक एकदम मोकळा झाला. रोटर नुसत्या बोटाने फिरायला लागला. पुन्हा आवळले, पुन्हा जड.

चूक आमची होती. केस जुळवताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जात नव्हते, तेव्हा आम्ही बोल्ट आवळून ती ओढून घेतली. केस जुळली, पण एका बाजूचं बेअरिंग त्याच्या जागी नीट टेकलं नव्हतं. बोल्ट आवळल्यावर क्रँकचा खांदा बेअरिंगच्या आतल्या कड्याला आडवा दाबत राहिला. गोळ्या खोबणीच्या मधून चालायच्या त्या कडेवरून चालत होत्या. असं इंजिन चालवून काही सुटत नाही. बेअरिंग तापतं, आवाज करायला लागतं आणि थोड्याच दिवसांत खलास होतं. ते बदलायचं तर पुन्हा पूर्ण इंजिन खोलायचं.

मुरबाडच्या एका जुन्या मेस्त्रींना फोन केला. त्यांनी विचारलं, "केस हाताने जुळली का बोल्टने ओढली?" मी खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, बोल्ट केस धरून ठेवायला असतात, बसवायला नाही.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळावा लागतो. हीट गनने बेअरिंगच्या भोवतीची केस सगळीकडून सारखी गरम केली. ज्योत लावायची नाही, सील जळतात. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पन्नास मिलिमीटरच्या भोकात ऐंशी अंश तापमान वाढलं की दोघांत सुमारे ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो. बेअरिंगची पकड सैल व्हायला तेवढा पुरतो. मग क्रँकच्या टोकावर नट आट्यांच्या बरोबरीने लावून, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून, नायलॉनच्या हातोडीने एक हलका ठोका. दुसऱ्या बाजूने एक. क्रँक स्वतःच्या मध्यावर आला. थंड झाल्यावर बोल्ट पूर्ण आवळून फिरवलं: मोकळं. आडवं हलवून बघितलं तर जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल. बरोबर.

पहिल्यापासून नीट करायचं असतं तर बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, केस गरम, आणि बेअरिंग आपल्या वजनानेच जागी पडतं. क्रँक आत घ्यायला हातोडा न वापरता पुलर वापरायचा. हे सगळं आता कळलं.

फिरवताना खरखर लागली असती तर गोष्ट वेगळी होती. खरखर म्हणजे गोळ्यांवर गंज किंवा आत गेलेली वाळू. तिथे ठोकून, ऑइल सोडून उपयोग नाही, बेअरिंग बदलायचंच.

वरचा दोष: पोर्टची धारदार कड

आता टिक. ब्लॉक परत नुसता वरून सरकवला, हेड न लावता, ब्लॉक हाताने दाबून धरून रोटर फिरवला. टिक परत आली. पिस्टन वर जाताना येत होती, खाली येताना नाही. दर फेऱ्याला रेघ त्याच जागी.

टिक आली तिथेच थांबून व्हर्नियरच्या मागच्या काडीने वरून पिस्टनची खोली मोजली. मग ब्लॉक काढून एक्झॉस्ट पोर्टची वरची कड किती खोल आहे ते मोजलं. पिस्टनच्या माथ्यापासून रिंगपर्यंतचं अंतर धरलं की दोन्ही आकडे जुळत होते. म्हणजे टिक पोर्टच्या वरच्या कडेला रिंग लागल्याची.

हे का होतं ते समजून घेऊ. रिंग स्प्रिंगसारखी असते, सतत बाहेर फाकायला बघते. बोअरच्या भिंतीला टेकलेली असते तोवर ठीक. पोर्टच्या खिडकीसमोरून जाताना तिला भिंत नसते, म्हणून ती केसभर बाहेर फुगते. खिडकी संपली की वरच्या कडेने तिला परत आत ढकलायचं असतं. कड थोडी घासून गोलसर केलेली असेल तर रिंग हळूच आत सरकते. कड धारदार असेल तर ठोकर बसते. वर जाताना वरची कड, खाली येताना खालची. आमची खालची कड नशिबाने गुळगुळीत होती.

रीबोअर केल्यावर सगळ्या पोर्टच्या कडा पुन्हा धारदार होतात, कारण बोअर मोठा करताना जुना गोलसरपणा कापला जातो. ज्या लेथवर आम्ही ब्लॉक दिला होता तिथे बोअर उत्तम केला होता, होनिंगही छान होतं, पण कडा मारायच्या राहून गेल्या होत्या. फोर-स्ट्रोकच्या बोअरमध्ये पोर्ट नसतातच. रोज फोर-स्ट्रोकचे ब्लॉक येत असतील तिथे ही एक पायरी सहज विसरली जाते. म्हणून ब्लॉक देतानाच सांगायचं आणि घेताना नखाने तपासायचं. नख अडलं तर रिंगही अडणार.

या टिकचा हिशोब करून बघा. या इंजिनाची पूर्ण ताकद ७५०० आरपीएमला येते. म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, सेकंदाला १२५ ठोकरा. हाताला जी बारीक टिक वाटते तिने रिंग मोडायला फार वेळ लागत नाही. रिंगचा तुकडा पोर्टमध्ये अडकला की पिस्टन आणि नवीन बोअर दोन्ही गेले.

बारीक दगडाने सगळ्या पोर्टच्या कडा हलक्या मारून घेतल्या. मग ब्लॉक गरम पाण्यात साबण घालून ब्रशने धुतला, पांढरा फडका बोअरमधून फिरवल्यावर पांढराच बाहेर येईपर्यंत. नुसत्या पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही, ती भिंतीच्या बारीक रेघांत बसून राहते. धुतल्याबरोबर पुसून लगेच ऑइल लावायचं, नाहीतर पावसाळ्याच्या हवेत डोळ्यांदेखत गंज चढतो.

हातासरशी आणखी तीन गोष्टी तपासल्या. तुम्हीही तपासा.

रिंग पिस्टनवर न चढवता बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करायची, आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजायची. या आकाराला साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर. फट नसेल तर तापल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरला चावते.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनला प्रत्येक रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगचं तोंड फिरून पोर्टमध्ये जाऊ नये म्हणून. रिंगचं तोंड बरोबर त्या पिनवरच बसलं पाहिजे. आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. बाण उलटा गेला तर रिंगची तोंडं चुकीच्या पोर्टसमोर येतात.

रिंगशिवाय पिस्टन, ऑइल लावून, उभ्या बोअरमध्ये सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकला पाहिजे. बोटाने ढकलावा लागत असेल तर बोअर टाइट आहे. पिस्टन आणि बोअरमधली फट अशा एअर-कूल्ड इंजिनात ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा कमी. नेमका आकडा आपल्या पिस्टनच्या पाकिटावरचा किंवा मॅन्युअलमधला धरायचा.

मग चालवून सुटतं ते काय?

नवीन रिंग आणि होनिंगच्या बारीक रेघा एकमेकांना घासून जुळतात, सीलचे ओठ मऊ होतात. एवढंच. चालवून सुटतं ते हेच.

बोअर टाइट असेल तर चालवल्यावर तो सुटत नाही, उलट आवळतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बोअरची स्लीव्ह बिडाची. दोन्ही तापतात, पण ॲल्युमिनियम दुप्पट फुगतं, आणि पिस्टन बोअरपेक्षा जास्त तापतो. म्हणजे थंड असताना जी फट मिळते, गरम झाल्यावर ती आणखी कमी होते. थंडीतच टाइट असेल तर घाटात काय होईल, याचा विचार करा. पिस्टन बोअरला चिकटतो, इंजिन जाम होतं, आणि गिअर लागलेला असल्यामुळे मागचं चाक लॉक होतं. माळशेजच्या वळणावर, मागे एसटी असताना.

शेजारच्या ज्याने ‘अशीच सोडवली’ होती, त्याची गाडी बहुतेक नुसत्या रिंगमुळे जड असावी. त्याला यश आलं, म्हणून त्याचा सल्ला सगळ्यांना लागू होत नाही. जाम होऊन पडलेले सल्ला द्यायला ओट्यावर बसलेले नसतात.

म्हणून रनिंग-इनच्या काळात दोन सवयी. एक, क्लचवर कायम दोन बोटं. इंजिनाचा आवाज अचानक दबला, गाडी ओढल्यासारखी वाटली, की क्लच दाबायचा, मग बाकीचा विचार. दोन, पहिले काहीशे किलोमीटर एकाच थ्रॉटलवर न ठेवता, कमी-जास्त करत, पूर्ण न पिळता चालवायची. घाटाचा लांब उतार थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरायचा नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं; थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. आरएक्सला वेगळा ऑइल पंप आहे, पण तोही थ्रॉटलच्या केबलशीच जोडलेला. आम्ही पहिल्या टाकीला पंप चालू असूनही पेट्रोलमध्ये वरून थोडं २टी घातलं. धूर जास्त आला, चालतं.

शेवटी

इंजिन परत बांधलं. या वेळी प्रत्येक पायरीला फिरवून: केस जुळली, फिरवलं. क्लच लावला, फिरवलं. ब्लॉक बसवला, फिरवलं. हेडचे नट टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला फिरवलं. हीच सगळ्यात मोठी शिकवण. पहिल्या वेळी आम्ही सगळं बांधून शेवटी एकदाच किक मारली होती, म्हणून दोष शोधायला सगळं उकलावं लागलं. प्रत्येक पायरीला फिरवलं असतं तर केसचे बोल्ट आवळतानाच कळलं असतं.

हे फक्त आरएक्सपुरतं नाही. बजाज एम-८०, चेतक, भाताच्या खाचरातला टू-स्ट्रोक फवारणी पंप, बांधावरचं गवत कापायचं ब्रश कटर, अगदी परदेशातली यामाहाची ब्लास्टर एटीव्ही घेतली तरी आत तेच आहे: एक पिस्टन, दोन-तीन प्रकारचे पोर्ट, दोन बेअरिंग, दोन सील. क्रम तोच लागू पडतो. आणि यांतल्या जुन्या गाड्यांची केस फुटली तर चांगली केस मिळवताना भंगार बाजार पालथा घालावा लागतो. जोर लावण्याआधी दहा मिनिटं फिरवून बघायला काहीच खर्च नाही.

मामा त्या गाडीवर ओतूरला गेले. पण लगेच नाही. आधी किन्हवली ते सरळगाव, सरळगाव ते मुरबाड असे सपाट रस्त्यावरचे फेरे, तेही सकाळच्या गारव्यात, महिनाभर. घाट चढायच्या आदल्या दिवशी प्लग काढून दाखवला: कॉफीच्या रंगाचा, कोरडा. मला म्हणाले, "सुटली बघ गाडी." मी म्हटलं, "मामा, सुटली नाही. सोडवली."

तुमच्याकडे असं जड फिरणारं इंजिन पडलेलं असेल तर प्लग काढून, रोटर हाताने फिरवून, आम्हाला तीनच गोष्टी कळवा: कुठल्या कोनात अडतं, कुठल्या दिशेला अडतं, आणि काय ढिलं केल्यावर सुटतं. बाकीचं मिळून शोधू. भेटू पुढच्या भागात.